भिंतीला मारलेला टोमणा

३ फेब्रुवारी, सोमवार

लेन्स कंपनी दरवर्षी एक डायरी फुकट पाठवते आणि दरवर्षी मी तिच्यात एक अक्षर लिहीत नाही. यंदा लिहितोय, कारण आज जे झालं ते कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा आधी माझ्याच तोंडाकडे बघेल.

सकाळी दुकानात एक बाई आल्या. साठीच्या. फ्रेम निवडली होती लालभडक. मी समोर स्टुलावर बसलो, त्यांच्या नाकावर पट्टी धरली आणि नेहमीसारखं म्हटलं, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा." बुबुळांमधलं अंतर मोजताना चष्मेवाला आणि गिऱ्हाईक जितके जवळ येतात, तितकी जवळ माणसं एरवी प्रेमात नाहीतर भांडणातच येतात. बाई एकदम मागे सरकल्या.

"तुम्ही मला वेडावलंत."

"कुणी? मी?"

"नाहीतर काय आरशाने? लाल फ्रेम घेतली म्हणून एवढं तोंड वाकडं करायची गरज नाही. माझं वय मला ठाऊक आहे."

देवाशपथ, माझ्या मनात काहीही नव्हतं. असलंच तर इतकंच, की लाल बरा दिसतोय. बाई तरातरा गेल्या. आतल्या खोलीतून डोळे तपासणाऱ्या मॅडम बाहेर आल्या.

"आज काय बोललात?"

"काही नाही."

"मग न बोलता काय केलंत?"

इतकी वर्षं काउंटरमागे बसून मी लोकांना खरं सांगत आलो. एका वकिलाला म्हणालो होतो, ही फ्रेम तुम्हाला नाही, तुमच्या आरोपीला शोभेल. तो हसला, चार जणांना सांगितलं, चौघेही आले. आता बहुतेक माझं नाव इतकं झालंय, की मी गप्प बसलो तरी लोकांना टोमणा ऐकू येतो.

दुपारी चहाचा कप हातातून उडाला. हल्ली कपांचे कान कोणासाठी बनवतात कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बायको शाळेत गणित शिकवते. सगळी शाळा तिला 'बाई' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वेगळं काही म्हणून मार्क कशाला घालवा. आज जेवताना तिने सांगितलं, की तिला गणिताची विभागप्रमुख केलंय. सांगून झालं आणि तिने चमचा खाली ठेवला.

"केलंत? झालं समाधान?"

"काय केलं?"

"तेच. मी काही चांगलं सांगायला जावं, की ओठ उजवीकडे खेचायचा आणि हात असा झटकायचा. माशी हाकलल्यासारखा."

"अगं, मला आनंद झाला."

"तुमचा आनंद मी लग्नापासून बघतेय. तो असा दिसत नाही. तो दिसतच नाही."

वाक्य चांगलं होतं. दाद द्यावी म्हणून तिच्याकडे बघितलं, तर म्हणे पुन्हा तेच केलं. ती ताट उचलून आत गेली.

विभागप्रमुख झाल्यापासून तिला सगळंच लागायला लागलंय. अधिकाराने माणूस हळवा होतो. मला हल्ली झोपही नीट लागत नाही. कुणीतरी ढकलल्यासारखा जागा होतो. (वरच्या ओळीवरून ही जी रेघ गेली आहे ती मुद्दाम मारलेली नाही. पेन उडालं.)

१६ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याची पन्नाशी. बायकोच्या या धाकट्या भावाला मी 'दिग्दर्शक' म्हणतो. मोबाईल हातात आल्यापासून त्याने घरातला एकही प्रसंग नुसता घडू दिलेला नाही. माझे वडील गेले तेव्हा लोक भेटायला येत होते, आणि हा पठ्ठ्या प्रत्येकाला म्हणत होता, "थोडं उजेडात या." त्याच्या हौसेवर आजवर मी इतकं बोललोय, की त्याचं एक पुस्तक होईल. त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही. उत्तर सुचेपर्यंत पार्टी संपते.

आज त्याने मोबाईल तिकाटण्यावर उभा केला आणि स्वतःवरच भाषण केलं. आईवडिलांची आठवण काढताना त्याने डोळे पुसले. त्याच वेळी, म्हणे, मी तोंड वेडावलं. एकदा नाही, सारखं. सरबताचा ग्लासही उडवला, तो नेमका त्याच्या बायकोच्या साडीवर. दिग्दर्शक म्हणाला, "भाऊजी, आजचा एक दिवस तरी सोडायचात."

गाडीत बाई खिडकीकडे वळून बसल्या. मी विचारलं, "मी बोललो काय ते तरी सांग." तर म्हणाल्या, "बोलला असतात तर परवडलं असतं."

मला खरंच कळत नाही. भाषण ऐकताना मलाही भरून आलं होतं. आता हे कुणाला सांगू? उद्या तेही वेडावणं ठरेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गंमत. एक गृहस्थ नवा चष्मा घेऊन तक्रार करत आले: "यातून बायको लांब दिसते." मी म्हटलं, "मग तक्रार कशाची आहे?" मॅडम आत खो खो हसल्या. बऱ्याच दिवसांनी दुकान हसलं.

घराच्या किल्ल्या सापडत नाहीत. कुणीतरी जागा बदलतं. घरात दोघंच राहतो, आणि मी बदलत नाही.

१ मार्च, शनिवार

आज दुकानात एक गंमत झाली. एक गृहस्थ आले, म्हणाले, या चष्म्यातून बायको लांब दिसते. मी म्हटलं, मग तक्रार कशाची आहे? घरी आल्या आल्या बाईंना सांगितलं. त्यांनी वह्या तपासता तपासता मान वर केली.

"हे तुम्ही कालही सांगितलंत. परवाही."

"आज झालंय ते काल कसं सांगेन?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वहीत एखाद्या मुलाने चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलं, की त्या अशा बघतात. मला ते बघणं आवडलं नाही. त्यापेक्षा राग बरा.

५ मार्च, बुधवार

बाईंनी धरून घरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. अंगात मीठ कमी आहे म्हणे, सोडियम. जन्मभर माझ्या बोलण्यात मीठ-मिरची जास्त म्हणून ऐकलं, आता हे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे तर डॉक्टरांनी मोजूनच दाखवलं.

"टेन्शन आहे का काही?"

"नाही. माणसं आहेत."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "माझंही काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही हो. "वयात असं होतं," ते म्हणाले, "मीठ थोडं वाढवा, बोलणं थोडं कमी करा." बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनासुद्धा?"

११ मार्च, मंगळवार

मॅडमनी दार लावून घेतलं आणि समोर दोन चष्मे ठेवले. एकात डावी काच उजवीकडे. दुसऱ्यात मध्य इतका सरकलेला, की बिचारा माणूस जिन्यावरून पडता पडता वाचला. "हे तुम्ही केलेत." मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी माझं अक्षर दाखवलं. अक्षर माझ्यासारखं होतं, एवढंच मी कबूल करतो. मॅडमना दुकानात भागीदारी हवी असेल तर सरळ विचारावं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. ती दुसऱ्या शहरात असते. तिला हवी होती ती नोकरी मिळाली. "बाबा, तुम्हाला पहिलं सांगतेय," म्हणाली. आणि मग, "बाबा, असं काय करता? प्लीज, आज नको ना." आणि रडायला लागली. मी पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःला बघत होतो. मी काहीही करत नव्हतो. मी बघत होतो ना!

बाईंनी बॅग भरली. "चार दिवस तिच्याकडे जाऊन येते. तिला समजावते. तुम्हाला समजावणं मला जमेना." दारात थांबल्या, वाट बघत असल्यासारख्या. मी काहीतरी बोलणार होतो. हात उडाला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. त्यांनी तेही माझं उत्तरच समजलं.

गुरुवार असावा

चहा दोन कप केला. बाई अजून शाळेतून आल्या नाहीत. विभागप्रमुखाला घरदार नसतं वाटतं. त्यांचा कप झाकून ठेवलाय.

ओट्यावर झाकलेले अजून दोन कप आहेत. गार. हे कुणी केले?

१५ मार्च, शनिवार

दिग्दर्शक सकाळीच आला. मला वाटलं, भांडायला आला. मीही बाह्या सरसावल्या. त्याने सोफ्यावर बसवलं, मोबाईल पुढे धरला.

"भाऊजी, बोलू नका. नुसतं बघा."

त्याच्या पन्नाशीचा सिनेमा. त्याने कबूल केलं, की ताईला पुरावा दाखवायचा म्हणून तो माझी तोंडं तेवढी कापून एकत्र करत होता. मग कापता कापता थांबला.

"हे बघा. इथे मी भाषण करतोय. ठीक आहे, माझ्या भाषणाला तुम्ही वेडावलंत. हे इथे पोरं केक खातायत. वेडावलंत. हे इथे सगळे आत गेलेत, तुम्ही एकटे बसलात भिंतीकडे तोंड करून. हे बघा. पुन्हा. भिंतीला टोमणा मारताय, भाऊजी. भिंतीने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

पडद्यावरच्या माणसाचा ओठ एकदम उजवीकडे ओढला गेला, त्याच बाजूचा हात दोरीने खेचल्यासारखा उडाला आणि सगळं जागच्या जागी आलं. डोळा मिटून उघडावा इतका वेळ. तो माणूस मी होतो. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"कुणाची नक्कल असेल," मी म्हणालो.

"तुमचे टोमणे मी माझ्या ताईच्या लग्नापासून खातोय. तुम्ही एक टोमणा दोनदा मारत नाही. तेवढी तुमची लायकी आहे. आणि हा बघा, दर वेळी तोच. तस्साच. हा तुमचा नाही."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई कुठेय?" मग त्याने विचारलं.

"शाळेत."

"आज शनिवार, भाऊजी. आणि ताई शाळेत नाहीये." तो स्वयंपाकघरात गेला. कपांवरची झाकणं एकेक करून उचलल्याचे आवाज आले. मग त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला: "ताई, चिडू नकोस, आधी ऐक. तो आजारी आहे गं."

इतक्या वर्षांत त्याने मला 'तो' म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. ओरडायला हवं होतं. भीती वाटली म्हणून राहिलं.

१९ मार्च, बुधवार (तारीख भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलीय)

इस्पितळ. मेंदूच्या डॉक्टर उंच आहेत आणि फार हळू बोलतात. माणूस आपोआप पुढे झुकतो. त्यांनी दिग्दर्शकाचा सिनेमा पाहिला, मग परत पाहिला. त्याने विचारलं, "अजून एक अँगल आहे, दाखवू?" त्या म्हणाल्या, "दाखवा." त्याच्या हौसेला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग मला समजावलं. तोंड आणि हात एकाच बाजूने, एकाच क्षणी उडतात, ते झटके आहेत. मेंदूला सूज आली की येतात. विसरणं, मीठ उतरणं, झोप जाणं, सगळं त्याचंच.

"ताप नाही, डोकं दुखत नाही," मी म्हणालो, "आणि मेंदूला सूज?"

"सगळे आजार ओळखपत्र लावून येत नाहीत. पुष्कळांचं महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही."

"माझं तर सगळ्यांना कळलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तोच तर घोटाळा."

पाठीत सुई घालून कण्यातलं पाणी काढलं. आधी जंतू नाहीत हे बघायचं. जंतू निघाले तर औषध एक, आपल्याच शरीराची फौज चुकून मेंदूवर चालून गेली असेल तर दुसरं, आणि चुकीचं दिलं तर गोत्यात. उत्तर येईपर्यंत दिग्दर्शक जिन्यात येरझारा घालत होता. मोबाईल खिशात होता.

बाई आल्या. विचारलं, "शाळेतून कधी आलीस?"

"आत्ताच," त्या म्हणाल्या.

२२ मार्च

जंतू नाहीत. आपलीच फौज. घरभेदी. बाटलीतून स्टिरॉइड चढवतायत. फौजेला परत बोलावायला तीन आठवडे उशीर झाला असता, तर काही परत आलं नसतं, असं डॉक्टर बाईंना दाराबाहेर सांगत होत्या. मी ऐकलं. लिहून ठेवतो, नाहीतर राहायचं नाही.

बाई आल्या. डोळे लाल दिसले. विचारलं, "शाळेतून कधी आलीस?"

"आत्ताच."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "वहिनी, तुम्ही सकाळपासून इथेच आहात की." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने चादर डोक्यावरून घेतली.

९ एप्रिल, बुधवार

घरी. झटके थांबले. मागची पानं चाळली. अक्षर माझं आहे, माणूस ओळखीचा वाटत नाही. केक, भिंत, लेकीचं रडणं: काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, तेवढा तुकडा गेला तो गेला. उरलेलं किती टिकतं ते बघू.

बाईंनी आज पोळी वाढता वाढता एकदम सांगितलं, "मी तुम्हाला त्या अवस्थेत टाकून गेले होते."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं ना."

"तेच तर. मला आठवत असतं तर माफ तरी केलं असतं. आता कशाच्या आधारावर करू?"

त्या हसल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, "हे आजाराआधीचं आहे. हे ओळखीचं आहे."

औषधाने तोंड सुजून भोपळा झालंय आणि भूक राक्षसासारखी. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रेमळ दिसायला लागलात." म्हटलं, सूज उतरेल.

६ मे, मंगळवार

दुकानात पहिला दिवस. त्या आठवड्यांत मी केलेले चष्मे मॅडमनी एकेकाला फोन करून परत मागवले, तपासले, निम्मे पुन्हा केले. कुणाला काय सांगितलं विचारलं. "काचांचा लॉट खराब निघाला म्हटलं," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर मी भागीदारीचा आळ घेतला होता, ते पान त्यांना दाखवलेलं नाही.

चष्म्याच्या दुकानात आरसे किती असतात हे मला आजवर कळलं नव्हतं. काउंटरवर, खांबावर, दारामागे. दिवसभर ओठाकडे बघत होतो. शिंक येणार होती तेव्हा ओठ हाताने दाबून धरला. प्रत्येक माप दोनदा घेतो, मग मॅडमना घ्यायला सांगतो. गिऱ्हाइकं म्हणतात, साहेब फार सौम्य झाले. सौम्य नाही हो. घाबरलोय.

दुपारी दिग्दर्शक चष्मा घ्यायला आला. आभार मानायचे ठरवले होते. तोंडून निघालं, "कशाला हवा चष्मा? तू तर सगळं मोबाईलमधूनच बघतोस." तो क्षणभर माझ्या ओठाकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा फुलला. "हा अस्सल," मॅडमना म्हणाला. आभार राहिलेच.

१७ जून, मंगळवार

आज फेरतपासणी. औषध कमी करायचं की नाही हे आजच्या परीक्षेवर. बाई बरोबर. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, "लक्षात ठेवा, नंतर विचारेन." मग घड्याळ काढायला लावलं. मग शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाल्या. शेजारी विभागप्रमुख ओठ मिटून बसलेल्या. एका ठिकाणी मी अडखळलो तेव्हा त्यांच्या हातातल्या पर्सचा खटका कडकन वाजला.

"आता ते शब्द सांगा."

चार आले, एकामागून एक. पाचव्याच्या जागी भोक. जिभेवर नाही, जवळपासही नाही. दात पडल्यावर जीभ तिथे जाते तसा मी परत परत तिथेच जात होतो. डॉक्टर कागदावर मान घालून थांबल्या होत्या. मी बाईंकडे बघितलं.

त्यांचे ओठ हलले. मिटले, मग गोल होऊन पुढे आले. आवाज नाही. हातभर अंतरावरून लोकांचे चेहरे वाचण्यात माझं आयुष्य गेलंय. शब्द स्वच्छ दिसला.

"चारच," मी म्हणालो. "पाचवा येत नाही."

बाईंचे ओठ पुन्हा हलले. या वेळी चिडून.

"डॉक्टर, पाचवा शब्द खोलीत आहे. पण तो माझ्याकडे नाही."

डॉक्टरांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "बाई, तुम्ही शाळेत मुलांनाही असंच सांगता?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "नाही हो. आयुष्यात पहिल्यांदाच."

डॉक्टरांनी चार लिहिले. औषध इतक्यात कमी नाही. तीन महिन्यांनी परत.

बाहेरच्या बाकावर बाई भडकल्या. "एका शब्दाचा तर प्रश्न होता! घेतला असतात तर काय बिघडलं असतं?"

"उद्या गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरेन, तेव्हा तू समोर बसणार आहेस का ओठ हलवायला?"

"बसेन," त्या म्हणाल्या. लगेच. विचारही न करता.

या उत्तरावर काय बोलावं ते सुचलं नाही. आजारामुळे नव्हे.

आत्ता हे लिहिताना ते चार शब्द इथे मांडावेत म्हणून आठवायला बसलो. एकही नाही. चारही गेले. पाचवा मात्र आहे, तिच्या ओठांवर पाहिला तसाच्या तसा. बूट.

सकाळी उठल्यावर आधी बघायचं, आहे का.